वडिलांचा डायलिसिसचा ग्राफ्ट अरुंद झालाय. नुसता फुगा की स्टेंट?

वडिलांच्या दंडातला ग्राफ्ट, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांच्यामध्ये बसवलेली कृत्रिम नळी, शिरेला जिथे जोडलाय तिथेच अरुंद झाला असेल, तर नुसत्या फुग्यापेक्षा (तो अरुंद जागेत नेऊन फुगवतात) आवरण असलेला स्टेंट (आत कायम राहणारी जाळीची नळी), म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट, बसवल्यावर ती जागा जास्त काळ मोकळी राहण्याची शक्यता अधिक. फुग्याने जागा लगेच रुंदावते खरी, पण दुखावलेल्या शिरेत आतून पेशींचा थर पुन्हा वाढतो. स्टेंटचं आवरण त्या वाढीला अडवतं. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या १९० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ती जागा स्टेंट-ग्राफ्टवाल्या ५१ टक्के, तर फुगावाल्या २३ टक्के रुग्णांत मोकळी होती. म्हणजे स्टेंट घालूनही जवळपास निम्म्यांची जागा टिकली नाही, खर्च ठरवताना हे जरूर धरा. आणि हे आकडे कृत्रिम नळीच्या ग्राफ्टचे आहेत. स्वतःच्याच शिरेचा फिस्टुला, म्हणजे शीर थेट धमनीला जोडलेली, असेल तर ते तसेच लावू नका. गुठळीने ग्राफ्ट बंद पडला असेल, तर गुठळी काढतानाच अरुंद जागाही मोकळी करून घ्यावी लागते, नाहीतर तो पुन्हा बंद पडतो. दंडाला रोज हात लावून थरथर जाणवते का पाहा. थांबली तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला फोन करा.