‘पंखा जड पडतोय’ म्हणजे नेमके काय जड?

प्रश्न असा आहे: भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर चालवायच्या स्पीडबोटीच्या पंख्याबद्दल (प्रोपेलरबद्दल) मेकॅनिक म्हणाला, “पंखा जड पडतोय, पिच दोनने उतरवा.” मग नवा पंखा वजनाला हलका घ्यायचा का? आणि पिचला मराठी शब्द कोणता?

वजनाचा इथे संबंध नाही. ‘औत जड चालतंय’ म्हणणारा शेतकरी औताचे वजन सांगत नसतो, बैलांवर येणारा ताण सांगत असतो. पंख्याचे ‘जड’ त्याच अर्थाचे आहे: इंजिनाला तो फिरवायला जास्त जोर लागतो. उलट स्टीलचा वजनदार पंखा पिच कमी असेल तर ‘हलका’ ठरू शकतो.

पंख्याच्या बुडख्यावर (मधल्या भागावर, म्हणजे हबवर) १३ × १९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. १९ पिच म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर. स्क्रूच्या बाबतीत ‘आट्यांमधले अंतर’ म्हणता येते, पण पंख्याला आटे दिसत नाहीत. म्हणून ‘पिच’च ठेवावे; दुकानात तेच चालते. (‘खेळपट्टी’ मात्र करू नये!) ‘मोठा पंखा द्या’ असेही म्हणू नये. मोठा व्यासाने की पिचने, हे दुकानदाराला कळायला मार्ग नाही.

मेकॅनिकचे ‘दोनने’ अंदाजपंचे नाही. नेहमीची माणसे आणि सामान घेऊन, संथ पाण्यात, ट्रिम (इंजिनाचा कल) जमवून पूर्ण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) द्यायचा आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाचायचा. समजा, इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० दिले आहे आणि काटा ४,९०० वरच थांबतो. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. १९ चा १७ केला की ५,२०० ते ५,३०० मिळतील, म्हणजे काटा दिलेल्या पट्ट्यात येईल. पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आला तर आणखी उत्तम. जड पंख्यावर इंजिन रखडते, बोट पाण्यावर उचलायला वेळ लागतो, कार्बन धरतो, पिस्टनवर ताण येतो. फार हलका लावला तर काटा मर्यादेपलीकडे जातो, लिमिटर (आरपीएम रोखणारी सोय) लागतो आणि वेगही मिळत नाही.

चाचणी कोणत्या महिन्यात घेतली तेही लिहून ठेवावे. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणून इंजिनाचा जोर घटतो. डिसेंबरात बरोबर बसलेला पंखा भुसावळच्या मे महिन्यात जड वाटला तर नवल नाही. गाळ आणि दगड असलेल्या उथळ पाण्यात मी ॲल्युमिनियमच सुचवेन. पाते वाकेल, पण ते दुरुस्त होते; स्टीलचा पंखा धक्का गिअरपर्यंत पोचवतो.

‘स्लिप’ शब्दाचे दोन अर्थ मात्र वेगळे ठेवा. पाणी घट्ट नसल्याने हिशेबापेक्षा बोट १० ते २० टक्के कमी पुढे जाते, ती नेहमीची स्लिप. तो बिघाड नव्हे. ‘हब स्लिप झालाय’ म्हणजे बुडख्यातले रबर सुटून आतली नळी वेगळी फिरते: थ्रॉटल दिला की इंजिन भणभणते, बोट हलत नाही. तेव्हा पिच बदलून उपयोग नाही. मार्करने आतली नळी आणि बाहेरचा बुडखा यांवरून एक सरळ रेघ ओढा, बोट जोरात चालवून आणा. रेघ तुटलेली दिसली तर हब गेला.