बालरोगतज्ज्ञ स्वतःच्या मुलांना सगळ्या लसी देतात का? की आपल्याला एक सांगतात आणि घरी वेगळंच करतात?

देतात. एका शब्दात उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या एका पाहणीत डॉक्टरांनाच हे विचारलं होतं. 92 टक्के बालरोगतज्ज्ञांनी आपल्या मुलांना वेळापत्रकाप्रमाणे लसी दिल्या होत्या. टाळाटाळ जास्त आढळली ती इतर शाखांच्या डॉक्टरांत. हे ‘इतर शाखांचे’ ध्यानात ठेवा, माझं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

माझी मुलगी पाच आठवडे आधी जन्मली. दीड महिन्याची झाली तेव्हा जेमतेम तीन किलो. लसीला नेली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये चौदा प्रश्न होते, त्यातले अकरा साडूंनी पाठवलेले. डॉक्टरांनी दोन ऐकून घेतले. तिसऱ्याला म्हणाले, “हे बघा, द्यायची नसेल तर नका देऊ. पण मग बाळ माझ्याकडे आणू नका.” बाहेर गर्दी होती, कबूल. पण बाळाचा बाप मी होतो. तिला दुपट्यात गुंडाळलं आणि उठलो.

साडूंनी दुसरे डॉक्टर सुचवले. गोड माणूस. आम्हाला पाऊण तास दिला, चौदाच्या चौदा प्रश्नांवर मान डोलावली. “एवढ्याशा जिवावर इतक्या लसींचा भार कशाला? वजन भरू द्या, तीन महिने होऊन गेले की बघू.” आणि कार्डावर पेन्सिलीने पुढची तारीख लिहून दिली. परत येताना मी बायकोला म्हणालो, बघ, याला म्हणतात डॉक्टर! ते बालरोगतज्ज्ञ नव्हते हे पाटीवर स्वच्छ दिसत होतं. पण मनासारखं बोलणारा भेटल्यावर पाटी कोण वाचतो?

कमी दिवसांचं बाळ असलं आणि तब्येत स्थिर असली, की लसी जन्मतारखेपासून मोजूनच देतात, वजन भरायची वाट बघत नाहीत. (जन्मल्याबरोबर देतात त्या हिपॅटायटिस बीच्या लसीत दोन किलोंखालच्या बाळांसाठी वेगळा हिशोब असतो.) हे मला नंतर कळलं.

अकराव्या आठवड्यात तिला खोकला झाला. आधी दोन दिवस नुसतं नाक गळत होतं. मग उबळी सुरू झाल्या. खोकल्यावर खोकला, मध्ये श्वास घ्यायला उसंतच नाही. तोंड लाल, मग जांभळं, ओठांच्या कडा निळ्या. डांग्या खोकल्यात श्वास ओढताना येणारा तो ‘हूप’ आवाज इतक्या लहान बाळांत बरेचदा येतच नाही, म्हणून आम्ही साधी सर्दी समजत राहिलो. तिसऱ्या रात्री उबळ थांबली आणि श्वासही थांबला. बायको तिच्या तळव्यांना टिचक्या मारत होती. मी काय करत होतो? आकडे मोजत होतो, मोठमोठ्याने. नवावर तिने श्वास घेतला.

रुग्णालयात सकाळी राउंडला कोण यावं, तर तेच पहिले डॉक्टर. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या, डांग्या खोकल्याची खूण. मग कार्ड पाहिलं, पेन्सिलीची तारीख पाहिली. बोलले काहीच नाहीत. तेवढ्यात मला खोकला आला. त्यांनी मान वर केली. “तुम्हाला हा किती दिवसांपासून आहे?”

तीन आठवड्यांपासून. हवा बदलली म्हणून असेल, अशी मीच माझी समजूत काढली होती. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला असाच असतो, नुसता चिवट खोकला. तान्ह्या बाळाला तो बहुतेक वेळा घरच्याच कुणाकडून तरी लागतो. आमच्या घरी तो कुणी आणला हे वेगळं सांगायला नको. नऊ दिवस आम्ही तिथे होतो, आणि खोकला पूर्ण जायला पुढे तीन महिने लागले.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी त्यांना अगदी तुमचाच प्रश्न विचारला. म्हणाले, “दिल्या सगळ्या. दुसऱ्या डोसनंतर पोरगी रात्रभर किंचाळत होती, तेव्हा माझीही तंतरली होती. पण शिकत असताना मी घटसर्पाचं मूल पाहिलं होतं.” हे त्या दिवशी का नाही बोललात? “रोज तेच प्रश्न ऐकतो हो.” मी म्हटलं, तुम्ही रोज ऐकता, मी पहिल्यांदा विचारत होतो. यावर “खरंय” म्हणाले. आमचं भांडण तेवढ्यावर मिटलं, पण माझं मत कायम आहे: डॉक्टर बरोबर होते आणि वागले वाईट. अशा वागण्यानेच माणसं गोड बोलणाऱ्याच्या हाती लागतात.

बालरोगतज्ज्ञांत मतभेद नसतात असं नाही. त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची, आम्ही लांबवली त्यातलीच) जास्त ताप आणणारी जुनी द्यायची की कमी त्रासाची नवी, हा एक वाद. जुनीने ताप जास्त येतो, पण डांग्या खोकल्यापासून संरक्षण जास्त टिकतं. पॅरासिटामॉल आधीच द्यायचं की ताप आल्यावर, वेळापत्रकाबाहेरच्या लसी घ्यायच्या का, यावरही वाद घालतात. लस द्यायचीच का, यावर बहुतेक घालत नाहीत.

साडू अजूनही वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचं नाव घेतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा त्याचा 1998 सालचा लेख 12 मुलांवरचा. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. पुढे डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांची माहिती तपासून 2019 साली सांगितलं गेलं की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझमचा धोका वाढत नाही. हे सांगितलं की साडू रोटाव्हायरसवर, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या लसीवर, उडी मारतात. अमेरिकेत त्याची पहिली लस आतड्यात आतडं शिरण्याच्या त्रासामुळे 1999 मध्ये मागे घेतली होती, हे खरं. पण ती बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कुणी लक्ष ठेवून होतं म्हणूनच ते इतक्या लवकर सापडलं ना? “आमच्या मुलाला नाही काही झालं” हा त्यांचा शेवटचा हुकमी पत्ता. इतरांनी आपापल्या मुलांना लसी दिल्या म्हणून नाही झालं, साडूसाहेब.

आता, थांबायची खरी कारणंही असतात. आधीच्या डोसने जिवावरची ॲलर्जी झाली असेल, किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी द्यायच्या का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. साधी सर्दी हे कारण नव्हे. बाळ पोटात असताना सातव्या-आठव्या महिन्यात आईने डांग्या खोकल्याची लस घेतली तर पहिले काही महिने बाळाला तिचाच आधार असतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगतो. त्या दिवशी पहिला डोस दिला असता तरी मुलीला खोकला झालाच नसता, असं नाही. एका डोसने पूर्ण संरक्षण मिळत नाही, खोकला होण्याची शक्यता कमी झाली असती आणि झालाच तर कदाचित हलका गेला असता, इतकंच. साडू नेमकं हेच वाक्य उचलून घरच्या ग्रुपवर टाकणार, मला माहीत आहे. टाकू देत. फक्त स्वतःला खोकला असताना कुणाचं बाळ मांडीवर घेऊ नये म्हणावं.