जुने ग्राफिक्स कार्ड: जीटीएक्स १०६० (६ जीबी) घ्यावे की आरएक्स ५८० (८ जीबी)?

तुम्ही निपाणीहून विचारले आहे की घरच्या संगणकात आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे. कोल्हापुरात एनव्हिडियाचे वापरलेले जीटीएक्स १०६० साडेसहा हजारांना, तर बेळगावात एएमडीचे आरएक्स ५८० साडेपाच हजारांना मिळते आहे. धाकट्या भावाला खेळ खेळायचे आहेत आणि तुम्हाला ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रे करण्याचा प्रोग्राम शिकायचा आहे, तर यांपैकी काय घ्यावे. मी बेळगावात वडगावला राहतो. १०६० माझ्या संगणकात आणि ५८० खानापूरच्या भाच्याच्या संगणकात काही वर्षे चाललेले मी पाहिले आहे, आणि माझ्या मते तुम्ही १०६० घ्यावे. मात्र ते जास्त वेगवान आहे म्हणून नव्हे. नुसत्या वेगावर निवड करायची झाली तर मी कदाचित उलटेच सांगितले असते.

१०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आले आणि ५८० एप्रिल २०१७ मध्ये. १९२०×१०८० च्या पडद्यावर ही दोन कार्डे तेव्हापासूनच एकमेकांना तुल्यबळ मानली गेली. डायरेक्टएक्स ११ (खेळ आणि कार्ड यांना जोडणारी एक प्रणाली) वर चालणाऱ्या जीटीए ५ सारख्या खेळांत १०६० पुढे राहते, तर व्हल्कन या तशाच प्रणालीवर किंवा डायरेक्टएक्स १२ वर बेतलेल्या, म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या खेळांत ५८० पुढे जाते. शिवाय ५८० ची स्मृती ८ जीबी आहे आणि ती २५६ बिटच्या मार्गाने सेकंदाला २५६ जीबी माहिती हलवते. १०६० मध्ये हेच आकडे ६ जीबी, १९२ बिट आणि १९२ जीबी असे आहेत. नव्या खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) वरच्या दर्जाचे ठेवले की ६ जीबी अपुरे पडू लागते आणि चित्र मध्येच अडखळते, हे मी माझ्याच कार्डावर अनुभवले आहे. किरण-अनुरेखण, म्हणजे रे ट्रेसिंग, सक्तीचे असलेले अगदी नवे खेळ मात्र दोन्हींवर चालणार नाहीत, हे भावाला आधीच सांगून ठेवा.

पण कार्ड एकटे काम करत नाही, आणि तुमच्या बाबतीत खरा प्रश्न प्रोसेसरचा आहे. आय-फाइव्ह ३४७० हा २०१२ सालचा चार कोअरचा (गणनकेंद्रांचा) प्रोसेसर. एएमडीच्या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) डायरेक्टएक्स ११ च्या खेळांत प्रोसेसरवर एनव्हिडियापेक्षा जास्त भार टाकतो. ताकदवान प्रोसेसर असेल तर तो भार जाणवतही नाही. पण चारही कोअर आधीच दमलेले असले की गर्दीच्या दृश्यात ५८० नुसते वाट पाहत बसते. कार्डांच्या तुलना बहुधा नव्याकोऱ्या, महागड्या प्रोसेसरवर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत ५८० जेवढे उजवे दिसते तेवढे ते तुमच्या घरी दिसेलच असे नाही.

ब्लेंडरच्या बाबतीत तर तुलनाच उरत नाही. ब्लेंडरमधील सायकल्स हे रेंडर इंजिन (त्रिमितीय रचनेतून अंतिम चित्र तयार करणारा भाग) पूर्वी ओपनसीएल या कार्डाकडून गणिते करवून घेण्याच्या पद्धतीच्या आधारे एएमडीच्या जुन्या कार्डांवरही चालत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ओपनसीएल काढून टाकण्यात आले, आणि त्याच्या जागी आलेल्या पद्धतीत ५८० ची पोलारिस पिढी बसत नाही. परिणामी ५८० घेतले तर सायकल्सचे सगळे रेंडर तुमच्या त्या चार कोअरवरच होईल आणि कार्ड शेजारी स्वस्थ बसून राहील. १०६० वर क्यूडा ही एनव्हिडियाची तशीच पद्धत असल्यामुळे हेच काम कार्डावर होते. मी उद्यमबागेतील एका कारखान्यासाठी पॅटर्नची त्रिमितीय चित्रे करतो; माझ्या संगणकात कार्ड येण्यापूर्वी एक चित्र रेंडरला लावून मी जेवायला जात असे, एवढे सांगितले म्हणजे फरक लक्षात यावा. ईव्ही हे दुसरे इंजिन दोन्ही कार्डांवर चालते, पण शिकणाऱ्याने सायकल्सपासून वंचित राहू नये असे मला वाटते.

आता विजेकडे वळू. १०६० ची कमाल गरज १२० वॉट आहे आणि मूळ रचनेत त्याला सहा पिनची एक जोडणी पुरते; ५८० ची गरज १८५ वॉट असून त्याला आठ पिनची जोडणी लागते. एनव्हिडियाने १०६० साठी ४०० वॉटचा आणि एएमडीने ५८० साठी ५०० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता. तरीही एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ४५० या आकड्यावर विसंबू नका. बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. तुमचा प्रोसेसर ७७ वॉटचा, बाकीच्या सामानाला चाळीसएक वॉट धरले, तर १०६० सह सुमारे २० अँपिअर आणि ५८० सह सुमारे २५ अँपिअर लागतील, आणि त्यावर थोडी सवड हवीच. भाच्याने ५८० एका स्वस्त एसएमपीएसवर, जुन्या चार पिनच्या वायरीला कन्व्हर्टर लावून चालवले होते. खेळ रंगात आला की संगणक धाडकन बंद पडे, आणि शेवटी त्या कन्व्हर्टरचे प्लास्टिक वितळू लागल्याचा वास आला तेव्हा आम्ही नवा एसएमपीएस आणला. कार्डात वाचवलेले पैसे तिथेच गेले. तुम्हीही ५८० घेतलेत तर त्या हजार रुपयांचे बहुधा हेच होईल.

बिलाचा हिशेब त्या मानाने किरकोळ आहे. भाऊ रोज तीन तास खेळला तर ६५ वॉटच्या फरकाने महिन्याला सहा युनिटसुद्धा जास्त जळत नाहीत. युनिटला सहा रुपये धरले तरी पस्तीस रुपये झाले. फक्त कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेचा लाभ घेणारे आणि २०० युनिटांच्या अगदी काठावर असणारे घर असेल तर त्या सहा युनिटांचा विचार करावा, कारण मर्यादा ओलांडली की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते.

ड्रायव्हरच्या दृष्टीने दोन्ही कार्डे आता निवृत्त झाल्यासारखीच आहेत. एएमडीने पोलारिसला २०२३ मध्येच वेगळ्या शाखेत टाकून नव्या खेळांसाठीच्या सुधारणा बहुतांशी थांबवल्या. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी अशा सुधारणा ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिल्या आणि सुरक्षाविषयक अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. विंडोजऐवजी लिनक्स वापरत असाल तर मात्र एएमडीचा खुला ड्रायव्हर कितीतरी सुखाचा आहे. तुम्ही तसे लिहिलेले नाही, म्हणून ती बाजू मी धरलेली नाही.

कोल्हापूरला जाण्यापूर्वी विक्रेत्याकडून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचे छायाचित्र मागवा. त्यात शेडरचा (कार्डातील गणन-घटकांचा) आकडा १२८० आणि स्मृती ६ जीबी दिसली पाहिजे. ११५२ दिसले तर ते ३ जीबीचे कमकुवत भावंड आहे, आणि ते फुकटाच्या भावात मिळाले तरच घ्यावे. बायॉस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून जुन्याच कार्डाला १०६० म्हणून खपवण्याचेही प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड असे कार्ड बहुधा ओळखून तसे दाखवते. पुढेमागे ५८० कडेच मन वळले तर तिथे २३०४ हा आकडा पाहा. २०४८ असलेले कार्ड ५८० च्या नावाने विकले जाते, पण ते वस्तुतः ५७० आहे. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते करून चलन मिळवणे) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर बाजारात आलेल्या ५८० पैकी बऱ्याच कार्डांचे बायॉस बदललेले होते, आणि मूळ बायॉस परत टाकल्याशिवाय अशा कार्डावर एएमडीचा ड्रायव्हर नीट बसत नाही.

कार्ड समोर लावून किमान अर्धा तास खेळ चालवून पाहा. पंख्याचा खरखर आवाज, पडद्यावर ठिपके आणि ८५ अंशांच्या पुढे जाणारे तापमान यांपैकी काहीही दिसले तर उठून या. थोडे तापत असेल तर पेस्ट बदलून भागते. आमच्याकडे फौंड्रीची काळी धूळ, तुमच्याकडे तंबाखूची. हीटसिंकच्या पात्यांत ती बसते, तेव्हा पावसाळ्यानंतर एकदा ब्लोअरने झटकत जा.

शेवटचे दोन मुद्दे. तुमच्या प्रोसेसरसारख्या तिसऱ्या पिढीच्या काही मदरबोर्डांवर मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत केल्याशिवाय ही कार्डे पडद्यावर काहीच दाखवत नाहीत, म्हणून शक्य असेल तर कॅबिनेटच सोबत घेऊन जा. निपाणीहून कोल्हापूर बसने तासाभराचेच आहे. आणि तुमचा मॉनिटर फक्त निळ्या व्हीजीए वायरीचा असेल तर एचडीएमआयचा कन्व्हर्टरही त्याच फेरीत घ्या, कारण दोन्ही कार्डांना व्हीजीएची जोडणी नाही.