एकच इंजेक्शन झालंय, आता पिल्लाला बाहेर सोडू का?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही पलूसजवळ वस्तीवर राहतो. महिन्यापूर्वी कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा दीड महिन्याचं होतं. देणारा म्हणाला सगळी इंजेक्शनं झालीत, पण कार्डावर स्टिकर एकच. इथले डॉक्टर म्हणतात अजून घ्यावी लागतील आणि रेबीजचं वेगळं. आधीच्या कुत्र्याला आयुष्यात सुई लावली नव्हती तरी चांगलं जगलं. मग हा खर्च कशाला? पोरं त्याला शिवारात नेतात, चालेल का?

उत्तर : दादा, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते, पण तीच ताकद लशीलाही काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी उतरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात आठ आठवड्यांना तर कुणात चौदा-पंधराला. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी लस परत द्यायची, शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. खरं तर हा शेवटचाच डोस सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच बुडवतात! तुमच्या पिल्लाला आता दुसरा द्या, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, सोळा आठवडे झाल्यावरचा शेवटचा धरून; तीन महिन्यांचं झालं की रेबीजचा, मग वर्षाने बूस्टर.

आधीचं कुत्रं वाचलं ते नशीब. पार्वो, म्हणजे आतड्यांचा विषाणूचा आजार, झालेलं पिल्लू एकदा बघा म्हणजे कळेल, उलट्या, रक्ताची घाण वासाची हगवण, आणि सलाईन लावूनही दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, फिनाईलने भागत नाही. फरशी असेल तर आधी धुवून मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, अंगणातल्या मातीवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून डोस पुरे होईपर्यंत पिल्लू घराजवळच ठेवा, गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या उकिरड्यावर तर अजिबात नको.

ऊसपट्ट्यात अजून एक गोष्ट, लेप्टो नावाचा आजार. उंदराच्या मुतातून पाटाच्या, साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. सेव्हन इन वन या एकत्रित लशीत त्याची लस असते पण ती साधारण वर्षभरच पुरते, तेव्हा दरवर्षी विसरू नका.

आणि हो, लस मेडिकलमधून आणून शर्टाच्या खिशात घालून उन्हातनं दवाखान्यात नेऊ नका, तिला २ ते ८ अंश लागतं, बर्फाच्या डब्यातूनच न्या. कार्डावर स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही तिन्ही बघा, नुसतं "झालीत" म्हणणाऱ्यावर जाऊ नका. अंगात ताप असेल तर डोस पुढे ढकला, जंताचं औषध आधीच देऊन ठेवा.

लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, तिथे हळद-चुना-तिखट लावत बसायचं नाही.

प्रश्न : आमची कुत्री गाभण आहे, कोरेगावातल्या एकीने सांगितलं आत्ताच लस दे म्हणजे पिल्लं धडधाकट होतील. द्यावी का?

उत्तर : नको ताई. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूचा आजार) यांची लस जिवंत विषाणूची असते, गाभणपणात ती टाळतात. पुढच्या खेपेला जुळवायच्या आधीच देऊन घ्या, म्हणजे चिकातून पिल्लांना आपोआप जाईल.