लाँगआर्मचे टाके सुटतायत? टायमिंगला हात लावण्याआधी हे बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की लाँगआर्म (फ्रेमवर ताणलेल्या रजईवरून रुळांवर फिरवायचं मोठं शिलाई मशीन) सेकंडहँड घेतलंय, जूनपासून वरचा दोरा तुटतोय, गोल फिरवताना टाके सुटतायत आणि मेकॅनिक म्हणतो टायमिंग गेलंय, म्हणजे सुई आणि खालचा हुक (वरचा दोरा पकडून टाका बांधणारा फिरता भाग) यांचा मेळ चुकलाय. एवढ्यात त्याला टायमिंग उघडू देऊ नका. सुई कुठे जोरात आपटली नसेल तर टायमिंग सहसा आपणहून हलत नाही. माझ्याकडे हे धूड सहा वर्षं आहे. टायमिंगच्या भीतीने मी जेव्हा जेव्हा घाबरले, तेव्हा बहुतेक वेळा सुई नाहीतर तूस निघालं.

आधी सुई बघा. लाँगआर्मच्या बऱ्याच सुयांचा दांडा सगळा गोल असतो, घरच्या मशीनच्या सुईसारखी चपटी बाजू नसते. त्यामुळे सुई तिरकी बसली तरी कळत नाही. बहुतेक मशीनमध्ये लांब खाच आपल्याकडे आणि खोलगट भाग मागे येतो. नेढ्यात टाचणी घाला, ती सरळ तुमच्या दिशेला रोखलेली दिसली पाहिजे. नेहमीच्या सुती दोऱ्याला 16 नंबर, जाड दोऱ्याला 18. मी प्रत्येक रजईला नवी सुई लावते. कंजूसपणा करून पाहिला आहे, परवडत नाही.

मग तूस. सुती दोरा आणि आतला कापूस मिळून हुकभोवती अक्षरशः गादी भरतात. दर वेळी बॉबिन बदलताना तिची डबी बाहेर काढून मऊ ब्रशने हुक झाडा. डबीच्या पट्टीखाली अडकलेलं तूस ब्रशने निघत नाही, तिथे पातळ कार्डाचा कोपरा सरकवा (लग्नपत्रिकांचा हा एक उपयोग). वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधून सुती कापडाची पट्टी ओढून घ्या. फुंकर मारू नका, आणि हवेचा डबाही वापरू नका. तूस आणखी आत जातं, वर दमटपणा. पुण्याच्या पावसाळ्यात गंजाला तेवढं पुरतं.

झाडून झालं की हुक जिथे फिरतो तिथे तेलाचा एक थेंब. एकच. मी पहिल्या वर्षी उदार हाताने सोडलं होतं आणि गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या रजईवर ठिपक्यांची रांग उमटली. तेव्हापासून तेल घातल्यावर चिंधीवर वीतभर शिवल्याशिवाय रजईकडे वळत नाही. तेल शिलाई मशीनचं, बिनरंगी. खोबरेल डिसेंबरात इथे बाटलीतच गोठतं, हुकमध्ये काय करेल ते बघा. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच, तो असलेलं तेलही धुऊन टाकतो. बाकी कुठे तेल घालायचं ते मॅन्युअल सांगेल तेवढंच. काही बेअरिंग बंद असतात, त्यांना तेल चालत नाही.

गोल बिघडतात त्याचं कारण मात्र अनेकदा शिलाईत नसून रुळांवर असतं. दोऱ्याचा एवढासा तुकडा चाकाला चिकटला तरी मशीनचं डोकं तिथे ठेचकाळतं आणि गोलाला कोपरा येतो. रूळ आणि चाकं रोज कोरड्या फडक्याने पुसा. टाके एकसारखे ठेवणाऱ्या सेन्सरचं चाकही पुसा, ते घसरलं की टाके लहानमोठे पडतात. मग डोकं फ्रेमच्या मधोमध ठेवून हात सोडा. ते आपणहून सरकलं तर फ्रेम समतल नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, तिथे एका पायाखाली दोन पुठ्ठे घालावे लागले. नंतर स्पिरिट लेव्हल आणून पायांचे स्क्रू नीट फिरवले.

रात्री मशीनवर सुती चादर टाका. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

एवढं करूनही टाके सुटले, तर मशीन बंद करून हुकच्या टोकावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. तंतू अडकले तर टोकाला खरवड आली आहे, ती मेकॅनिकने घासून काढायची. तंतू अडकले नाहीत तर मग टायमिंग तपासायला सांगा. तो यायच्या आधी टाके सुटलेला तुकडा उसवून ठेवू नका, त्याला तसाच दाखवा.