‘सांकेतिक जोडणी’ की ‘कूटबद्ध जोडणी’?

टर्मिनल एम्युलेटरच्या (मोठ्या संगणकाला जोडलेल्या जुन्या पडदा-कीबोर्डची, म्हणजे टर्मिनलची, नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मार्गदर्शिकेचा अनुवाद करताना आपण ‘सुरक्षित सांकेतिक जोडणी’ असा शब्दप्रयोग केला आहे. त्यातला ‘सांकेतिक’ बरोबर आहे का, आणि ‘सुरक्षित’ म्हटल्यावर दुसऱ्या विशेषणाची गरज उरते का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की ‘एन्क्रिप्टेड’साठी ‘सांकेतिक’च्या जागी ‘कूटबद्ध’ घ्यावे आणि ‘सुरक्षित’ तसाच ठेवावा.

‘सांकेतिक’ला मराठीत आधार नाही असे मात्र नव्हे. महानुभावांच्या सकळ लिपीसारख्या, एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर योजणाऱ्या गुप्त लिप्यांना आपण सांकेतिक लिप्याच म्हणत आलो आहोत. परंतु संकेत म्हणजे मुळात आधी ठरवून घेतलेली खूण, आणि ती गुप्त असलीच पाहिजे असे त्या शब्दात कोठेही नाही. संगणकाच्या व्यवहारात ही अडचण लगेच जाणवते, कारण टर्मिनलच्या मांडणीत अक्षरसंकेताची (कोणत्या अक्षराला कोणता अंक, याची) निवड वेगळी असते आणि कूटलेखनाची (एन्क्रिप्शनची) वेगळी. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकाच्या, ३२७० या टर्मिनलची नक्कल करणारे सॉफ्टवेअर पाहा. रोमन लिपीतल्या मोठ्या ‘ए’साठी आस्की या सर्वसाधारण अक्षरसंकेतात ६५ हा अंक आहे, तर मेनफ्रेमच्या एब्सिडिक या अक्षरसंकेतात १९३. साध्या टेलनेटवरून (दूरच्या संगणकाशी उघड मजकुरात जोडणाऱ्या जुन्या पद्धतीवरून) जाणारा एब्सिडिकमधला पासवर्ड आस्की समजून वाचला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते आणि तो झाकलेला आहे असा भास होतो; प्रत्यक्षात सर्वांना उपलब्ध असलेला तक्ता शेजारी ठेवला की तो कोणालाही वाचता येतो. ही जोडणी शब्दशः सांकेतिक आहे, पण तिच्यात गुप्त असे काहीच नाही. आपल्या वाचकाने नेमका हाच घोटाळा करू नये, म्हणून हा शब्द येथे टाळावा.

‘कूट’मध्ये दडवलेपणा आहे; कूटप्रश्न, कूटनीती हे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. सूत्रबद्ध, छंदोबद्ध, लिपिबद्ध यांच्या पंगतीत ‘कूटबद्ध’ सहज बसतो. उलट क्रियेसाठी मात्र ‘निष्कूटीकरण’ असले जडजंबाल शब्द घडवू नयेत. कोडे जसे उलगडते तसा कूटबद्ध मजकूरही उलगडतो, आणि ‘उलगडणे’ हे क्रियापद आयते हाताशी आहे.

आता ‘सुरक्षित’विषयी. द्विरुक्तीची शंका स्वाभाविक असली तरी कूटबद्ध असलेली प्रत्येक जोडणी सुरक्षित असतेच असे नाही. ततू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एसएसएच हे कूटबद्ध जोडणीचे सॉफ्टवेअर लिहिले. टेलनेटसारख्या साधनांमधून उघड जाणारे पासवर्ड मध्येच टिपले जात होते, त्याला हा उतारा होता. टेलनेटचा ठरलेला पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा क्रमांक) २३ आणि एसएसएचचा २२, पण केवळ पोर्ट व प्रोटोकॉल (संवादाचे नियम) बदलून काम संपत नाही. नव्या सर्व्हरशी प्रथम जोडणी करताना सॉफ्टवेअर त्या सर्व्हरच्या किल्लीचा (त्याची ओळख पटवणाऱ्या कूटलेखनाच्या ‘की’चा) ठसा, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, दाखवते आणि पुढे जायचे का असे विचारते. तो ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्या मार्गाने मिळवून ताडून पाहायचा असतो. आपण बहुतेक जण न वाचताच ‘होय’ म्हणतो, हा भाग वेगळा. मध्येच कोणी तोतया बसला असेल तर त्याच्याशी झालेली जोडणीही उत्तम कूटबद्ध असते, फक्त ती भलत्याशी झालेली असते. टीएलएस ही कूटबद्ध जोडणीची दुसरी पद्धत वापरताना सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या प्रमाणपत्राची पडताळणी बंद ठेवली तरी हेच घडू शकते. म्हणून ‘कूटबद्ध’ हे मजकुराच्या रूपाचे वर्णन आहे, तर ‘सुरक्षित’ हा शब्द पलीकडच्याची ओळख पटल्याचीही हमी देतो, आणि मार्गदर्शिकेत दोन्ही हवेत.

जाता जाता आपल्या मसुद्यातील ‘खाजगी कळ’ (प्रायव्हेट की) याबद्दल. टर्मिनलच्या मांडणीत कीबोर्डवरच्या कळांची जुळणी हा एक स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे तेथील वाचकाला कळ म्हणजे दाबायचे बटण वाटणार. शिवाय ‘खाजगी कळ’ ऐकून कोणाला तरी चारचौघांत न सांगण्यासारखे दुखणे आठवायचे! कीबोर्डसाठी ‘कळ’ राखून ठेवावी आणि कूटलेखनासाठी ‘खाजगी किल्ली’ व ‘सार्वजनिक किल्ली’ असे लिहावे. तिच्या ठशाला मात्र ‘बोटाचा ठसा’ म्हणू नये. ‘किल्लीचा ठसा’ एवढे पुरे.