राग जात नाही, काय करू?

प्रश्न: ताई, मी १५ वर्षं चर्चच्या कमिटीत आहे, मागच्या मीटिंगमधे एका तरुण पोराने सगळ्यांसमोर हिशोबातली माझी चूक काढली, मी भडकून उठून घरीच आलो. महिना झाला, प्रार्थना करतो पण राग जात नाही.

उत्तर: दादा, चूक खरी होती का? ते तुम्ही लिहिलंच नाहीत, मला वाटतं गाठ तिथेच आहे. बायबलमधलं २ राजे, अध्याय ५ वाचा. नामान एवढा मोठा सेनापती, अंगावर कोड, बरं व्हायला अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला, आणि अलीशा बाहेरसुद्धा आला नाही, नुसता निरोप धाडला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, तर हा चिडून निघालाच, आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत म्हणे! वर राग दिसतो, खाली दुखावलेला मान असतो. त्याला वळवलं ते त्याच्या चाकरांनी, त्याने ऐकलं म्हणून बरा झाला. इफिसकरांस ४:२६ मधे पौल सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणतो, तुमचे तर तीस सूर्य मावळले. प्रार्थना चालू ठेवा पण त्या पोराला आजच फोन करा, चूक खरी असेल तर तुझं बरोबर होतं एवढंच म्हणा, कारणं देऊ नका. जड जातं, माहितीये मला, मी सख्ख्या बहिणीशी दोन वर्षं बोलत नव्हते. शेवटी मीच फोन केला, पहिली पाच मिनिटं दोघी नुसत्या रडत होतो.